मोबीलचा कारखाना: एअरबसने अमेरिकेत नेमके काय विकत घेतले?

अमेरिकेच्या दक्षिणेला, अलाबामा राज्यात मोबील नावाचे बंदर आहे. एअरबस या युरोपीय कंपनीची प्रवासी विमाने अमेरिकेत फक्त इथेच जोडली जातात. आधी ए३२० कुटुंबातली विमाने सुरू झाली, मग ए२२० आले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ए३२० ची दुसरी जुळणी रांगही उभी राहिली. पण विमानाचे धड, पंख, शेपूट यांतले काहीच मोबीलमध्ये बनत नाही. ए३२० चे हे सगळे भाग युरोपातून जहाजाने येतात.

मग पहिला प्रश्न साहजिकच हा पडतो, की सगळे मोठे भाग अटलांटिक ओलांडून आणायचेच असतील, तर निदान जुळणी तरी तिकडे कशाला? हॅम्बुर्ग आणि तुलूझमध्ये हेच काम वर्षानुवर्षे हातखंडा असल्यासारखे चालू होते. तयार विमान तर स्वतःच उडत जाते, त्याला जहाजभाडे लागत नाही. नुसता उत्पादनखर्च पाहणारा कुठलाही हिशेबनीस या प्रस्तावावर लाल शेरा मारील.

माझ्या मते एअरबसने मोबीलमध्ये गुंतवलेले ६० कोटी डॉलर हा एका परीने विम्याचा हप्ता होता. अमेरिकी राजकारणाच्या लहरीपासून संरक्षण, हा त्या विम्याचा विषय. एका प्रसंगी या विम्याने हप्त्याच्या कितीतरी पट परतावा दिला, आणि तोही कुणाच्या ध्यानीमनी नसताना. दुसऱ्या प्रसंगी मात्र, ज्या संकटासाठी तो काढला होता तेच आले आणि विमा लंगडा पडला. हे प्रकरण तपासण्याजोगे आहे ते त्यामुळे.

आधी हातची गेलेली निविदा

मोबीलचा कारखाना जिथे आहे ती ब्रूकलीची जागा पूर्वी हवाई दलाचा तळ होती. दुसऱ्या महायुद्धात इथे हजारो माणसे विमानांची देखभाल आणि दुरुस्ती करत. १९६४ च्या नोव्हेंबरात तळ बंद करायची घोषणा झाली, १९६९ मध्ये तो खरोखरच बंद पडला, आणि दहा हजारांहून जास्त नोकऱ्या गेल्या. घोषणेच्याच महिन्यातल्या निवडणुकीत अलाबामाने अध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्या पारड्यात मते टाकली होती. जॉन्सननी त्याचा सूड उगवला, असे मोबीलमधले जुने लोक पुढे कित्येक वर्षे सांगत. त्यात तथ्य किती हा भाग वेगळा, पण त्या शहराला हातची गेलेली विमाने परत मिळवायची खुमखुमी होती, हे खरे. मागे उरली होती लांब धावपट्टी, मोकळी जमीन आणि हाकेच्या अंतरावर खोल पाण्याचे बंदर.

एअरबसची तेव्हाची मूळ कंपनी ईएडीएस मोबीलला आली ती प्रवासी विमानांसाठी नव्हेच. अमेरिकी हवाई दलाला हवेत इंधन भरणारी १७९ नवी टँकर विमाने हवी होती आणि सौदा सुमारे ३५ अब्ज डॉलरचा होता. परदेशी कंपनीला असे कंत्राट सरळ मिळणे अशक्यच, म्हणून ईएडीएसने नॉर्थ्रोप ग्रुमन या अमेरिकी कंपनीचा हात धरला आणि विमाने मोबीलमध्ये जोडण्याचे वचन दिले. २००७ मध्ये शहरात एक अभियांत्रिकी केंद्रही सुरू केले. लष्करी कंत्राटाच्या बदल्यात स्थानिक जुळणी हा मार्ग त्यांना नवा नव्हता. मिसिसिपी राज्यातल्या कोलंबसमध्ये अमेरिकी लष्करासाठी लाकोटा हेलिकॉप्टर जोडण्याचे काम त्यांनी असेच मिळवले होते.

२९ फेब्रुवारी २००८ रोजी नॉर्थ्रोप आणि ईएडीएस यांची निविदा जिंकली. मोबीलमध्ये जल्लोष झाला. बोइंगने हरकत घेतली, आणि १८ जूनला अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने ती उचलून धरली. सप्टेंबरमध्ये सगळी निविदाच रद्द झाली. पुढच्या फेरीत अटी बोइंगच्या छोट्या विमानाला धार्जिण्या आहेत असे म्हणत २०१० मध्ये नॉर्थ्रोप बाहेर पडली, ईएडीएस एकटी लढली, आणि २४ फेब्रुवारी २०११ रोजी कंत्राट बोइंगला गेले.

या हारजितीत तांत्रिक गुणवत्तेचा वाटा किती, यावर दोन्ही बाजूंनी ढीगभर कागद काळे झाले आहेत. मला त्यातला एकच धागा महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी संसदेत विमान मतदारसंघांत मोजले जाते. बोइंगच्या बाजूने वॉशिंग्टन, कॅन्सस, मिसुरी अशा राज्यांतले प्रतिनिधी उभे राहिले ते तिथे पगार घेणारी माणसे होती म्हणून. एअरबसच्या बाजूने अलाबामाचे सिनेटर शेल्बी आणि सेशन्स जोर लावत होते, पण त्यांच्या हातात होते ते आराखडे. ज्या कारखान्याची वीटही रचलेली नाही, त्यातली नोकरी वाचवा म्हणून कोण रस्त्यावर उतरणार?

मोबील आणि टँकर यांचे नशीब पुढेही जुळले नाही, हे जाता जाता सांगायला हवे. २०२१ मध्ये लॉकहीड मार्टिनने एअरबसच्या साथीने पुन्हा टँकरचा प्रस्ताव आणला, त्यातही मोबीलचे नाव होते, आणि २०२३ मध्ये लॉकहीडनेच माघार घेतली.

२०१२ चा हिशेब

कंत्राट गेल्यावर ईएडीएसने मोबीलचा नाद सोडला असता तर कुणाला नवल वाटले नसते. पण २ जुलै २०१२ रोजी एअरबसचे प्रमुख फाब्रिस ब्रेझिए यांनी मोबीलमध्येच जाहीर केले, की इथे ए३२० ची जुळणी होणार. खर्च ६० कोटी डॉलर, नोकऱ्या सुमारे १,०००, वेग महिन्याला ४ विमाने.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एकदम ४६० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्यातली २६० एअरबसला दिली. अमेरिकन हे बोइंगचे जुने, हक्काचे घर. या धक्क्याने बोइंगने नव्या आराखड्याचा विचार बाजूला ठेवून ७३७ मॅक्सचा निर्णय घाईने घेतला. एअरबसपुरता त्याचा अर्थ असा, की जगातल्या सर्वांत मोठ्या बाजाराचे दार किलकिले झाले. तिथे छोट्या प्रवासी विमानांत एअरबसचा वाटा साधारण एक पंचमांश होता, जगात इतरत्र मात्र ती बोइंगच्या तोडीस तोड.

आता खर्चाकडे वळू. मोबीलची टीका करणारे युरोपातला चालू कारखाना आणि अमेरिकेतला नवा कारखाना यांची तुलना करतात. ही तुलनाच चुकीची आहे. ए३२० निओच्या, म्हणजे ए३२० च्या नव्या इंजिनांच्या आवृत्तीच्या, मागणीचा ढीग साचत होता, आणि नवी जुळणी रांग कुठे ना कुठे टाकावीच लागणार होती. हॅम्बुर्गमध्ये टाकली तरी इमारत, भाग धरून ठेवणारे साचे (जिग), क्रेन यांचा खर्च होताच. म्हणून मोबीलचा जादा भार एवढाच: समुद्रवाहतूक, वाटेत अडकून पडणारा माल, आणि नवख्या माणसांना शिकवण्याचा काळ. त्याच्या बदल्यात काही गोष्टी पदरात पडत होत्या. अलाबामा राज्य, मोबील शहर आणि काउंटी यांनी मिळून सुमारे १५.८ कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या. राज्याच्या एआयडीटी या संस्थेने कामगार निवडायची आणि शिकवायची जबाबदारी घेतली. विमाने डॉलरमध्ये विकायची आणि पगार युरोत द्यायचे, हे एअरबसचे जुने दुखणे आहे. डॉलरमध्ये पगार घेणारे हजार लोक त्यावर औषध नव्हते, पण थोडा उतार पडत होता.

कामगारांचा मुद्दा कुणी उघडपणे पुढे केला नाही, पण तो होता. अलाबामात संघटनेचे सभासदत्व ही नोकरीची अट करता येत नाही. मर्सिडीज, होंडा, ह्युंदाई यांनी याच राज्यात मोटारींचे कारखाने थाटले त्याचे हे एक कारण. खुद्द बोइंगनेही २००८ चा सिॲटलचा संप सोसल्यावर ७८७ ची दुसरी जुळणी साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला नेली होती. ज्या युरोपीय कंपनीच्या घरी कामगार प्रतिनिधी संचालकांच्या तोडीने बोलतात, तिने अलाबामात येऊन संघटनेविना कारखाना उभा करावा, यात विसंगती आहेच. एअरबसनेही ती मिटवायची फारशी घाई केलेली नाही.

चीनच्या त्यानचिनमध्ये एअरबसने २००८ मध्येच अशी रांग उघडली होती, त्यामुळे तंत्राच्या दृष्टीने मोबील हा दुसरा प्रयोग होता. फरक मालकीत होता. त्यानचिनला स्थानिक भागीदार घ्यावे लागले, बाजारात शिरण्याची ती अलिखित अट होती. मोबील संपूर्णपणे एअरबसचे. कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर उद्या कुणी आडवे येऊ नये म्हणून ते बांधले गेले.

जहाजातून उतरते ते विमान

पायाभरणी ८ एप्रिल २०१३ ला झाली, उद्घाटन १४ सप्टेंबर २०१५ ला. पहिले मोठे भाग त्याच उन्हाळ्यात बंदरावर आले होते.

या भागांचा प्रवास पाहिला की कारखान्याचे स्वरूप चटकन लक्षात येते. धडाचा पुढचा भाग फ्रान्समधल्या सेंट-नाझेरचा, मागचा हॅम्बुर्गचा. पंख वेल्समधल्या ब्रॉटनचे. उभे शेपूट जर्मनीतल्या स्टाडचे, आडवे स्पेनमधल्या हेताफेचे. हे सगळे युरोपातल्या बंदरावर गोळा होते, प्रत्येक भाग त्याच्या मापाच्या पोलादी चौकटीत आवळून बांधला जातो आणि जहाजात चढतो. काही आठवड्यांनी मोबीलच्या बंदरात तो ट्रेलरवर उतरतो. तिथून ब्रूकली इतके जवळ आहे, की पंखासारखी अवजड वस्तूही शहराला फारसा त्रास न देता पोचते. अमेरिकेतल्या दुसऱ्या एखाद्या राज्याने दुप्पट सवलती दिल्या असत्या तरी धावपट्टीला लागून असे बंदर त्याने कुठून आणले असते?

आत आल्यावर आधी धडाचे दोन भाग समोरासमोर आणतात. गोल सांध्याभोवती लेसरने मोजमाप करत ते जुळवायचे, मग भोके पाडून रिव्हेट ठोकायचे. या सांध्यात चूक झाली तर ती पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्रास देते, म्हणून घाई इथे सर्वांत कमी. त्यानंतर पंख आणि लँडिंग गिअर. विमान एकदा स्वतःच्या चाकांवर उभे राहिले की पुढचे काम वेग घेते: शेपूट, इंजिने, वायरिंगच्या जोडण्या, पाण्याच्या आणि हवेच्या नळ्या, आसने, चाचण्या. रंगकाम शेजारच्या हँगरमध्ये मास एव्हिएशन ही स्वतंत्र कंपनी करते. उभ्या शेपटाची रंगरंगोटी मात्र ते बसवण्याआधीच उरकलेली असते, कारण त्याला जोडलेल्या सुकाणूचा तोल रंगाच्या वजनानेही बदलतो. त्यामुळे जुळणीच्या हँगरमध्ये हिरवट-पिवळट धडावर एखाद्या विमान कंपनीच्या झगमगीत रंगांचे शेपूट तेवढे दिसते.

सुरुवातीच्या कामगारांना काही महिने हॅम्बुर्गला पाठवून तयार केले होते. त्यांतले पुष्कळजण जहाजबांधणीतून, मोटारींच्या कारखान्यांतून किंवा हवाई दलातून आलेले. पहिले विमान, जेटब्लू या विमान कंपनीचे ए३२१ (ए३२० चाच लांब भाऊ), २१ मार्च २०१६ ला उडाले आणि २५ एप्रिलला ताब्यात दिले गेले.

इथवरची कथा म्हणजे नीट आखलेल्या प्रकल्पाची नीट झालेली अंमलबजावणी. त्यात शिकण्यासारखे आहे, पण चकित होण्यासारखे फार नाही.

सी सिरीज: न मागितलेला परतावा

मोबीलचे पहिले विमान ताब्यात गेले त्याच एप्रिलमध्ये, काही दिवसांच्या अंतराने, डेल्टा एअरलाइन्सने कॅनडाच्या बंबार्डियर कंपनीकडे ७५ सी सिरीज विमाने मागितली. शंभर ते दीडशे आसनांचे हे विमान उत्तम होते, पण ते घडवताना बंबार्डियरचे कंबरडे मोडले होते. क्वेबेक प्रांताच्या सरकारने या प्रकल्पात एक अब्ज डॉलर ओतले नसते तर ते विमान बहुधा तरलेच नसते.

बोइंगने एप्रिल २०१७ मध्ये तक्रार केली. तिचे म्हणणे असे, की ज्या विमानाला ३.३२ कोटी डॉलर खर्च येतो ते डेल्टाला १.९६ कोटींना विकले जाते आणि तोटा सरकारी पैशातून भरला जातो. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने सप्टेंबरमध्ये सुमारे २२० टक्के अनुदानविरोधी शुल्क सुचवले, ऑक्टोबरमध्ये त्यावर सुमारे ८० टक्के अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे पडत्या भावाने माल खपवण्याविरुद्धचे शुल्क, चढवले. तीनशे टक्के शुल्क म्हणजे ‘हे विमान इथे आणू नका’ असे सांगण्याची सभ्य रीत.

आणि १६ ऑक्टोबर २०१७ ला बातमी आली, की सी सिरीज प्रकल्पाचा ५०.०१ टक्के हिस्सा एअरबसकडे जात आहे. रोख रक्कम जवळपास काहीच नाही. अब्जावधी डॉलर खर्चून बनवलेले, उडणारे, प्रमाणपत्र मिळालेले विमान नाममात्र किमतीत. बदल्यात एअरबस काय देणार होती? आपली विक्रीव्यवस्था, पुरवठादारांकडून भाव पाडून घेण्याची ताकद, आणि मोबीलमध्ये सी सिरीजची दुसरी जुळणी रांग.

या व्यवहारातला मोबीलचा वाटा नीट समजून घ्यायला हवा. बंबार्डियरकडे विमान होते, अमेरिकी जमीन नव्हती. ती नव्याने उभी करायची तर काही वर्षे आणि नसलेला पैसा लागणार. एअरबसकडे दोन वर्षांपूर्वीच सुरू झालेला कारखाना होता, शेजारी रिकामी जागा होती, शिकलेली माणसे होती, राज्य सरकारशी घरोबा होता. २०१२ मध्ये कुठल्याही सादरीकरणात ‘पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीचे विमान फुकटात मिळेल’ असा रकाना नसणार. पण मोबील नसते तर एअरबसचा प्रस्ताव इतर कुठल्याही खरेदीदारासारखाच राहिला असता.

बोइंगचा युक्तिवाद होता, की सुटे भाग आणून अमेरिकेत जोडले तरी शुल्क चुकणार नाही, आणि वाणिज्य खात्याच्या व्याख्येत अर्धवट जोडलेली विमानेही येत होती. म्हणजे मोबीलची ढाल कायद्याच्या कसोटीवर टिकलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती वेळच आली नाही. २६ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ४ विरुद्ध ० मतांनी ठरवले, की बोइंगचे नुकसान झालेले नाही. डेल्टाला हव्या त्या आकाराचे विमान बोइंग बनवतच नव्हती. शुल्क बारगळले. पण तोवर सी सिरीज एअरबसच्या अंगणात गेले होते. प्रतिस्पर्ध्याला अडवायला गेलेल्या बोइंगने त्याला आणखी मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या हवाली केले, आणि वर कॅनडाने तिच्याकडून १८ सुपर हॉर्नेट लढाऊ विमाने घेण्याचा विचार सोडून दिला.

व्यवहार १ जुलै २०१८ ला पूर्ण झाला आणि त्याच महिन्यात विमानाचे नाव ए२२० झाले. मोबीलमध्ये त्याची जुळणी ऑगस्ट २०१९ ला सुरू झाली, तिथले पहिले ए२२० डेल्टाला ऑक्टोबर २०२० मध्ये मिळाले. फेब्रुवारी २०२० मध्ये बंबार्डियर पूर्ण बाहेर पडली, एअरबसचा हिस्सा ७५ टक्क्यांवर गेला. ए२२० अजून एअरबसला नफ्याचे विमान झालेले नाही, हेही ध्यानात ठेवावे. फुकट मिळालेली वस्तू सांभाळायला महाग असू शकते.

जिथे विमा लंगडा पडला

एअरबसला मिळणाऱ्या सरकारी कर्जांवरून अमेरिका आणि युरोप २००४ पासून जागतिक व्यापार संघटनेत भांडत होते. २ ऑक्टोबर २०१९ ला निकाल आला: अमेरिकेला वर्षाला ७.५ अब्ज डॉलरच्या युरोपीय मालावर शुल्क लावण्याची मुभा. त्याच महिन्यात युरोपातून येणाऱ्या तयार विमानांवर १० टक्के शुल्क बसले, मार्च २०२० मध्ये ते १५ टक्के झाले. सुटे भाग मात्र वगळले.

हाच तो क्षण, ज्यासाठी मोबील बांधले होते. हॅम्बुर्गहून उडत आलेल्या ए३२१ वर शुल्क, मोबीलमधून बाहेर पडलेल्या तशाच ए३२१ वर शून्य. भाग वगळण्यामागे अलाबामातल्या नोकऱ्या होत्या हे उघड होते. अमेरिकी सरकारला स्वतःच्याच कामगारांच्या पायावर धोंडा मारायचा नव्हता. २००८ मध्ये आराखड्याला जे जमले नव्हते ते चालू कारखान्याने करून दाखवले.

पण हे संरक्षण सरकारच्या मर्जीवर होते, कारखान्याच्या रचनेत नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपने बोइंगच्या बाबतीतल्या निकालाच्या आधारे अमेरिकी विमानांवर शुल्क लावले. वॉशिंग्टनला ते ज्या पद्धतीने मोजले ते अन्यायाचे वाटले, आणि वर्षअखेरीस प्रत्युत्तर जाहीर झाले: १२ जानेवारी २०२१ पासून फ्रान्स आणि जर्मनीतून येणारी विमानांची धडे, पंख आणि शेपटांचे भाग यांवरही १५ टक्के. ती यादी मोबीलला येणाऱ्या जहाजाची भरणयादी समोर ठेवून लिहिली असावी अशी होती.

इथे अंतिम जुळणीची मर्यादा उघडी पडते. कारखान्यात जी मूल्यवाढ होते ती शुल्कातून सुटते, पण विमानाच्या किमतीत जुळणीच्या श्रमाचा वाटा लहान असतो. मोठा वाटा त्या पोलादी चौकटीत बांधून येणाऱ्या भागांचा आणि इंजिनांचा. भागांवर आणि तयार विमानावर सारखेच शुल्क असेल तर मोबील आणि हॅम्बुर्ग यांत फरक उरतो तो थोडकाच. एअरबसने अमेरिकेत जुळणी आणली होती, उत्पादनाचा गाभा आणला नव्हता, आणि तो आणणे तिच्या एकटीच्या हातातही नव्हते. कुठला भाग कुठल्या देशात बनतो हे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन यांच्यातल्या पन्नासेक वर्षांच्या तडजोडीचे फळ आहे. ब्रॉटनचा पंख अलाबामात हलवणे म्हणजे वेल्समधल्या मतदारसंघात तोच तंटा उभा करणे, जो वॉशिंग्टनमध्ये टाळायचा होता.

हा घाव फार काळ राहिला नाही. मार्च २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी शुल्क स्थगित केले, १५ जूनला पाच वर्षांचा तह झाला.

२०२५ मध्ये तोच खेळ पुन्हा रंगला, या वेळी व्यापार संघटनेच्या निकालाशिवाय. एप्रिलमध्ये अमेरिकेने जवळपास सगळ्या आयातीवर १० टक्के शुल्क लावले. १९७९ च्या नागरी विमान व्यापार करारानंतर विमाने आणि त्यांचे भाग बहुतांश शुल्कमुक्तच फिरत आले होते, आता दोन्ही सापडले. डेल्टाचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी जाहीरच केले, की शुल्क लागणारे विमान आम्ही ताब्यात घेणार नाही. पुढे डेल्टाने तुलूझहून एक ए३५० टोकियोमार्गे आणले, म्हणजे ते ‘युरोपातून आयात’ ठरू नये. जुलैअखेरच्या अमेरिका-युरोप समझोत्यात विमाने आणि भाग पुन्हा शुल्कमुक्त झाले. त्यात मोबीलचे वजन किती आणि युरोपात जाणाऱ्या बोइंग विमानांचे किती, हे वेगळे करून दाखवणे कठीण. माझा कौल दुसऱ्या कारणाकडे झुकतो. बोइंगलाही युरोपची बाजारपेठ हवी आहे, आणि तिच्या विमानांतही परदेशी भाग भरपूर आहेत.

अलाबामाला काय मिळाले

महिन्याला ४ विमानांच्या आणि हजार माणसांच्या बोलीवर सुरू झालेल्या ठिकाणी आज दोन हजारांहून जास्त लोक काम करतात. जगभरातल्या ए३२० च्या दहा जुळणी रांगांपैकी दोन मोबीलमध्ये आहेत: हॅम्बुर्गला चार, तुलूझ आणि त्यानचिनला दोन-दोन. ब्रूकलीला गेलेल्या नोकऱ्यांची ही पूर्ण भरपाई नाही, पण सवलतींची रक्कम आणि टिकून राहिलेल्या नोकऱ्या यांचा मेळ घातला तर अमेरिकी राज्यांनी केलेल्या अशा सौद्यांत हा चांगल्यांपैकी म्हणावा लागेल.

आसपास पुरवठादारांचे जाळे विणले जाईल ही आशा मात्र अर्धीमुर्धीच फळली. जवळच्या फोलीमध्ये इंजिनांची आवरणे बनवणारा कॉलिन्सचा कारखाना आहे, पण तो एअरबसच्या आधीपासूनचा. ऑबर्नमध्ये जीई कंपनी ए३२० ला बसणाऱ्या लीप इंजिनातल्या इंधन नोझलची टोके थ्रीडी छपाईने काढते, तीही मोबीलमुळे तिथे आलेली नाही. इंजिनांमुळे ए३२० मध्ये अमेरिकी माल आधीपासूनच भरपूर होता. मोबीलने त्यावर अमेरिकी पत्ता चिकटवला.

याला छेद देणारी एक घडामोड २०२५ च्या अखेरीस झाली. विमानांचे मोठे भाग पुरवणाऱ्या स्पिरिट एअरोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीची बोइंग आणि एअरबस यांच्यात वाटणी होताना नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनचा कारखाना एअरबसकडे आला. तिथे ए३५० च्या धडाचे भाग प्रत्यक्ष बनतात. पुरवठादार बुडू नये म्हणून तो घ्यावा लागला, आखलेल्या धोरणातून नव्हे. तरीही एअरबसच्या मालकीचे, धडाचे भाग घडवणारे मोठे काम अमेरिकेत आहे, ही बाब मोबीलपेक्षा वेगळ्या जातीची आहे.

ए३२० च्या जागी येणारे विमान २०३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणायचा एअरबसचा मानस आहे. त्याच्या कामाची वाटणी ठरेल तेव्हा अलाबामाचे लोक नुसत्या जुळणीवर समाधान मानणार नाहीत, धडाचा निदान एक भाग मागतील. युरोपातल्या कामगार संघटना आणि सरकारे त्याला कडाडून विरोध करतील. मला वाटते, एअरबस दोघांनाही थोडे थोडे देईल आणि पंख मात्र ब्रिटनमध्येच राहतील.